धेंपो आणि चर्चिल, दोघांनीही आय-लीग सोडून गोव्यात परत यावं

डिचोलीकर

१८ जुलै २०२५ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाचा निकाल आला आणि आपल्या चर्चिल ब्रदर्सच्या कपाटातली ट्रॉफी इंटर काशी क्लबाची झाली. ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात. ६ एप्रिलला आय-लीग ही देशपातळीवरची फुटबॉल लीग संपली तेव्हा चर्चिलचे ४० गुण होते, काशीचे ३९. पण जानेवारीत नामधारी या पंजाबच्या क्लबाने काशीला हरवलं त्या सामन्यात नामधारीकडून एक निलंबित खेळाडू उतरला होता. ते तीन गुण काशीला द्यायचे की नाही, यावर भारतीय फुटबॉल महासंघाच्याच दोन समित्या दोन दिशांना. शेवटी अपील समितीने चर्चिलला विजेता ठरवलं, ट्रॉफी दिली, फोटो निघाले. तीन महिन्यांनी लवाद म्हणाला, विजेता काशी.

काशीवर माझा राग नाही. निलंबित माणूस खेळवला तर गुण जाणारच, हे आमच्या गावच्या टूर्नामेंटमध्येसुद्धा कळतं. माझा राग आपल्याच क्लबांवर आहे. हा अपमान विकत घ्यायला तुम्ही तिथे जाता कशाला?

२००७-०८ ला आय-लीग सुरू झाली. पहिली सहा विजेतेपदं मोजा: धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सहाच्या सहा गोव्याची. तेव्हा ती देशातली पहिली लीग होती. मग २०१४ ला इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, आली, २०१९ ला क्वालालंपूरला बसून आराखडा ठरला आणि आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या पायरीवर गेली. तीच लीग, तेच आयझॉल-शिलाँग-श्रीनगरचे प्रवास, पण आता जिंकलात तर बक्षीस काय, तर वरच्या वर्गात बसायची परवानगी. आणि वरच्या वर्गात, म्हणजे आयएसएलमध्ये, २०२४-२५ पर्यंत नापास कोणी झालंच नाही. कोलकात्याचा मोहम्मेडन वर गेला, पहिल्याच मोसमात तळाला राहिला, तरी खाली आला नाही. त्यात ही वरची लीगसुद्धा जुलै २०२५ मध्ये टांगणीला लागली, कारण महासंघाचा आणि आयोजक कंपनीचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता.

२०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले ते याच दुय्यम दर्जाच्या निषेधात. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आज वाटतं तेच शहाणपण होतं. विमानाचे पैसे आपल्या राज्याच्या गोवा प्रो लीगमध्ये घाला, मैदानांत घाला. आमच्या डिचोलीच्या क्लबातूनच १९६८ ला धेंपो उभा राहिला. तो मुळात गावचाच संघ.


रायचो पावणो

डिचोलीकरबाब, एक विचारू? गेल्या मोसमात तुम्ही चर्चिलच्या रायच्या मैदानावर किती मॅची पाहिल्या?

मी विचारतो कारण मी जवळजवळ सगळ्या पाहिल्या. माझी सासुरवाड तिथेच. चर्चिलची मॅच असली की दुपारी तीनपासून रस्त्याच्या कडेला स्कूटर लागायला सुरुवात. स्टेडियम कसलं, पंचायतीचं ग्राउंड, लोखंडी जाळीला नाक लावून पाहायचं. लाइन्समन इतका जवळ की म्हाताऱ्यांनी घातलेली शिवी त्याला नीट ऐकू जाते आणि तो हसतो. फातोर्ड्याच्या मोठ्या स्टेडियमला तिकीट काढून वरच्या रांगेत बसलं की खेळाडूचा नंबर वाचायला चष्मा लागतो. इथे बाजूला वार्मअप करणाऱ्या पोराच्या गुडघ्याची पट्टी दिसते.

‘अपमान विकत घ्यायला’ म्हणता. त्या ग्राउंडवर मला अपमान कुठे दिसला नाही.


खाणीतला निवृत्त

दोघंही मूळ सोडून बोलताय. ते सहा वर्षांचे विजय खनिजाच्या पैशावर होते. धेंपो, साळगावकर हे खाणवाले. तिकिटावर कुठला क्लब चालला होता? ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टाने खाणी बंद केल्या, २०१३ नंतर एकही विजेतेपद नाही. जोडून बघा. आता क्लब लीग सोडोत नाहीतर धरोत, तिजोरी तीच नाही.


पॉइंट ऑफ ऑर्डर

काका, धेंपोने खाणी २००९ मध्येच सेसा गोवाला विकल्या. त्यानंतर २००९-१० आणि २०११-१२ अशा दोन लीगा जिंकल्या. आणि चर्चिल कधी खाणवाला होता? साळगावकरला तुमचा हिशेब लागू पडेल, बाकीच्यांना ओढूनताणून बसवू नका.


खाणीतला निवृत्त

विकल्या म्हणजे पैसा गेला की आला? सतराशे पन्नास कोटींना विकल्या. असो. चर्चिलचं मान्य.


नारिंगी जर्सी

मला हा वादच कळत नाही. आयएसएलमधला आमचा नारिंगी जर्सीवाला एफसी गोवा आहे ना? २०१९-२० ला साखळीत पहिला, २०२१ ला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब, तेही फातोर्ड्यालाच. मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला. राज्याला एक मोठा संघ पुरे. जुन्यांनी पोरं घडवावी, आम्ही खेळवतो.


रायचो पावणो

‘आम्ही खेळवतो’ म्हणजे किती? अकराच्या संघात गोव्याचे तीन-चार. बाकीच्या पोरांनी काय नारिंगी जर्सी घालून गॅलरीत ढोल वाजवायचे?


मॅच कमिशनरचा शेजारी

मूळ मुद्द्यावर येतो. डिचोलीकरांची बेरीज बरोबर आहे, वजाबाकी चुकली. २०१६ ला बाहेर पडले, ठीक. पुढे काय झालं ते लिहा ना.

आयझॉल एफसी त्या मोसमात खाली गेला होता. गोव्याचे क्लब निघाल्यावर जागा रिकामी झाली म्हणून त्यांना परत घेतलं. आणि २०१६-१७ ला तोच आयझॉल देशाचा विजेता! आपण रागाने उठलो, आपल्या खुर्चीत दुसरा बसला आणि ताट साफ करून गेला. चर्चिललाही त्याच वर्षी परत घेतलं, म्हणून निदान एक गोंयकार संघ शिल्लक राहिला.

साळगावकर आणि स्पोर्टिंग आजही प्रो लीग खेळतात. चांगलं खेळतात. पण गोव्याबाहेर पंचविशीतल्या कोणा फुटबॉलवेड्याला विचारा, साळगावकर म्हटलं की तो दागिन्यांचं दुकान समजेल. निषेध करायचा तर ज्याच्याविरुद्ध करायचा त्याला तरी तो जाणवला पाहिजे. महासंघाला जाणवला? आराखडा तर तसाच पुढे गेला.

धेंपोला मात्र कळलं. आठ वर्षांनी, दुसऱ्या फळीच्याही खालच्या आय-लीग २ मधून रांगत वर आले. ज्या क्लबाने २००८ ला आशियाई क्लबांच्या एएफसी कपाची उपांत्य फेरी गाठली होती, त्यांनी तिसऱ्या पायरीवर खेळायला लाज बाळगली नाही. मला त्याचंच जास्त कौतुक आहे.

आणि तो ६ एप्रिल आठवा. कोळिकोडला केरळच्या गोकुळमने धेंपोविरुद्ध सुरुवातीलाच दोन गोल मारले होते. गोकुळम जिंकला असता तर चाळीस गुणांवर चर्चिलच्या बरोबरीला येऊन बसला असता. धेंपोला त्या मॅचमधून काही मिळायचं नव्हतं, तरी ४-३ ने जिंकले. चर्चिलची मॅच रिअल काश्मीरशी १-१ सुटली होती, आणि गोव्यातला एक जुना वैरी दुसऱ्यासाठी धावून गेल्यासारखं झालं. मी एका फोनवर ही मॅच, दुसऱ्यावर ती मॅच लावून बसलो होतो. बायको म्हणाली, जेवण कोणत्या फोनला वाढू?


डिचोलीकर

आयझॉलचा मुद्दा झोंबला, खोटं कशाला बोलू. तो मी विसरलो होतो.

पण धेंपो त्या दिवशी जिंकून चर्चिलला मिळालं काय? तीन महिन्यांचा कप. लवादाच्या कागदावर सही झाली की सगळं धुऊन गेलं. आणि काशी म्हणजे कोण? २०२३ चा क्लब, बोली लावून थेट या लीगमध्ये आलेला, घरच्या मॅची बंगालात कल्याणीला. धेंपो तिसऱ्या पायरीवरून रांगत येतो आणि हे लिफ्टने. अशा इमारतीत भाडं भरून राहायचं?


पॉइंट ऑफ ऑर्डर

लिफ्टने आले ते नियमानेच आले. आणि तुम्हीच वर लिहिलंय, काशीवर राग नाही.


डिचोलीकर

थोडा आहे.


वास्कोची बाय

मी फुटबॉलमधली जाणकार नाही, पण माझा मुलगा एकोणीसचा आहे आणि गेली दोन वर्षं प्रो लीग खेळतो, म्हणून लिहिते.

डिचोलीकरभाऊ, प्रो लीग पुरे असं तुम्ही म्हणता. आमच्या अनुभवात नाही पुरत. गेल्या वर्षी क्लबाने (नाव घेत नाही, अजून तिथेच खेळतो) तीन महिन्यांचे पैसे थकवले. मोसमही केवढासा. मग पोरं काय करतात? इंटर-वाडो, म्हणजे वाड्या-वाड्यांमधल्या, टूर्नामेंट खेळतात. रात्री लाइटखाली सात-सात जणांच्या मॅची, मैदान म्हणजे कापलेलं शेत. पैसे मात्र हातात, रोख, त्याच रात्री. माझ्या मुलाकडे बुटांचे दोन जोड आहेत, एक क्लबाचा, एक ‘शेताचा’. शेताचा आधी झिजला. एकदा घोटा मुरगळून आला आणि क्लबात सांगितलं की जिन्यावरून पडलो.

बाहेरच्या क्लबाच्या माणसाने फोन केला होता. पहिला प्रश्न, नॅशनल लीगमध्ये किती मॅची? शून्य म्हटल्यावर ‘नंतर बोलू’. लीग पहिल्या दर्जाची की दुसऱ्या, ते त्याने विचारलंच नाही. तुम्ही दोन क्लब तिथून काढून आणले तर आमच्या पोरांनी तो आकडा लिहायचा कुठे?


खाणीतला निवृत्त

बाय, तुमच्या एका पोस्टीपुढे आमच्या दहा कमी आहेत. पैसे थकवणाऱ्या क्लबाबद्दल गोवा फुटबॉल असोसिएशनकडे लेखी तक्रार द्या. तोंडी बोलू नका. पोच घ्या.


नारिंगी जर्सी

पण हे प्रो लीग सुधारण्याचं कारण झालं ना? डिचोलीकर तेच म्हणताहेत.


मॅच कमिशनरचा शेजारी

नाही. ते म्हणताहेत एक बंद करून दुसरं सुधारा. पोराला दोन्ही लागतात. प्रो लीगमध्ये शिकायचं, तिकडे दिसायचं. मंदार राव देसाई धेंपोमधून आय-लीगला दिसला, मग तुमच्या नारिंगी जर्सीत आला. मधली पायरी काढलीत तर पोरं उडी मारतील कशी? अगोदर समीर नाईक धेंपोच्याच शिडीने भारताच्या संघात गेला.


डिचोलीकर

शिडी तेव्हा पहिल्या मजल्यावर पोचत होती. आता पोटमाळ्यावर पोचते. माझं मत बदललेलं नाही. दोन्ही क्लबांनी एक मोसम न खेळता दाखवावं, मग बघू महासंघ कोणाला विकतो ही लीग.

बाय, मुलगा कुठल्या जागेवर खेळतो?


वास्कोची बाय

लेफ्ट बॅक. डावखुरा आहे.


डिचोलीकर

डावखुरा लेफ्ट बॅक, एकोणीसचा, आणि तुम्ही हे शेवटी सांगता? धेंपोच्या एलाच्या अकादमीकडे नेऊन दाखवा त्याला. पाऊस आहे म्हणून थांबू नका, मोसमाची बांधणी आत्ताच होते. नवा जोड घालून पाठवा, शेताचा नको.


रायचो पावणो

धेंपोकडे? म्हणजे आय-लीग खेळायलाच ना, डिचोलीकरबाब?


डिचोलीकर

तुम्ही जेवून घ्या.