प्रार्थना कोरडी वाटते, तेव्हा देवावर भरवसा ठेवायचा तो कसा?

प्रश्न:
सर्व बंधुभगिनींना प्रभूमध्ये सलाम. बऱ्याच दिवसांपासून माझे मन खचलेले आहे. उपासनेला जाते, शास्त्रवाचनही चालू आहे. परंतु प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत आणि देव ऐकत आहे असे वाटत नाही. विश्वास दृढ असता तर निराशा आलीच नसती, असे मंडळीतील (चर्चमधील) काही जण म्हणतात, आणि ते ऐकून मला प्रार्थनेचीच भीती वाटू लागली आहे. अशा काळात भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय करणे?

पहिले उत्तर:
भगिनी, त्यांचे म्हणणे पवित्र शास्त्राला धरून नाही. कर्मेल डोंगरावर बआल या परदैवताच्या संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला देवाचा संदेष्टा एलीया पुढच्याच अध्यायात (१ राजे १९) झुडपाखाली बसून मरण मागतो. तेव्हा देव त्याला दोष देत नाही. देवदूताकरवी भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोहोचल्यावरच, इथे काय करतोस, असे त्याला विचारतो. आधी अन्न व विश्रांती, मग संभाषण, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. प्रेषित पौलानेही आशिया प्रांतातील संकटाविषयी लिहिताना आपण जगण्याची आशा सोडली होती, हे लपवलेले नाही (२ करिंथ १:८). झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटा. त्यात विश्वासाची उणीव नाही.

दुसरे उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र तुमचा मूळ प्रश्न प्रार्थनेचा आहे. पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहितेच्या १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत दावीद राजा 'किती काळ?' असे चार वेळा विचारतो आणि ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ती दोन्ही उपासनेत म्हणण्यासाठी जपली गेली. माझ्या मते भरवसा म्हणजे मन प्रसन्न असणे नव्हे, तर जी तक्रार आहे ती दुसरीकडे न नेता देवासमोरच मांडणे होय. प्रभू येशूनेही वधस्तंभावर २२व्या स्तोत्राचे पहिले शब्द उच्चारले, आणि त्या शब्दांत त्यागले गेल्याची वेदना असली, तरी हाक 'माझ्या देवा' अशीच आहे.

प्रश्नकर्ती:
आपली उत्तरे वाचून धीर आला. परंतु ज्या दिवशी तक्रार करण्याचेही बळ नसते, त्या दिवशी काय करावे?

दुसरे उत्तर देणारे:
त्या दिवशी इतरांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. मार्क २ मधील पक्षाघाती मनुष्य स्वतः चालत आला नव्हता. चौघांनी त्याला उचलून आणले, छप्पर उघडून खाली सोडले, आणि येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असे तेथे लिहिले आहे. जिच्यासमोर रडता येईल अशी मंडळीतील एखादी व्यक्ती शोधा. उपदेश करणारी नको. पाळकांनाही सांगा. आणि एकट्या असाल तेव्हा १३वे स्तोत्र मोठ्याने वाचा. त्यात सहाच वचने आहेत, आणि तेवढीच त्या दिवसाची प्रार्थना झाली तरी चालेल. कारण शब्द नसतात तेव्हा देवाचा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे रोमकरांस पत्र ८:२६ मध्ये सांगितले आहे.