ओसुमींना नोबेल उपवासासाठी मिळालं का?

चिंगी_बायो: एकादशी आली की घरच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड, जपानी शास्त्रज्ञाने उपवासाचे फायदे सिद्ध केले म्हणून नोबेल. खरंच असं आहे का? त्या माणसाने नक्की काय केलं?

पेशीवाला: योशिनोरी ओसुमी, 2016, मेडिसिनचं नोबेल, तेही एकट्याला. पण काम यीस्टवर हो, माणसांवर नाही! 1988 मध्ये टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी लॅब मिळाली तेव्हा वय त्रेचाळीस, आणि विषय घेतला व्हॅक्युओल, म्हणजे पेशीची कचराकुंडी, ज्याच्याकडे फारसं कोणी बघत नव्हतं. त्यांनी असं यीस्ट घेतलं ज्याच्या व्हॅक्युओलमधली प्रोटीन तोडणारी एन्झाइम्सच बंद, मग त्याला नायट्रोजनविना उपाशी ठेवलं. आत आलेला माल पचेना, काही तासांत व्हॅक्युओल गोल गोल पिशव्यांनी भरलं आणि त्या साध्या मायक्रोस्कोपखाली वळवळताना दिसल्या. हीच ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पिशवीत भरून पचवायला नेणं.

चिंगी_बायो: मग एवढं नाव कशामुळे?

पेशीवाला: जीन्समुळे. 1993 मध्ये ऑटोफॅजी बिघडलेल्या म्युटंट्समधून, म्हणजे जीन्समध्ये बदल झालेल्या यीस्टमधून, तिला लागणाऱ्या 15 जीन्स सापडल्याचं छापलं, त्यातल्या बऱ्याच जीन्सचे भाऊबंद आपल्यातही निघाले आणि मग कॅन्सर, पार्किन्सन्सवाले सगळे याच्या मागे लागले.

साबुदाणा_फॅन: ऑटोफॅजी हे नाव मात्र ओसुमींचं नाही हं, ते बेल्जियन शास्त्रज्ञ डी ड्यूव यांनी 1963 लाच दिलेलं. आणि वाटीभर तुपातली खिचडी हाणून कसली पेशी उपाशी राहणार 😄