आईला घरबसल्या गावोगावी फिरवतील अशा कादंबऱ्या सुचवा

रानजाई
नमस्कार मंडळी. आईला चौऱ्याहत्तरावं लागलंय. गुडघ्यांमुळे लांबचा प्रवास बंद झाला, वाचन मात्र जोरात आहे. मागच्या पावसाळ्यात तिने प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंगढांग’ पुन्हा काढली, तेव्हा मी फोनवर नकाशा उघडून तिला किन्नौरमधलं रारंग गाव दाखवलं. खाली सतलज, वर तो उभा कडा, मधून कोरून काढलेला रस्ता. ती कितीतरी वेळ ते फोटो बघत होती. तेव्हापासून आमचं तेच चालू आहे. ती वाचते, एखादं गाव किंवा गल्ली आली की मला हाक मारते, आणि मी नकाशावर ती जागा शोधून देते.

आता परदेशातल्या कादंबऱ्या हव्या आहेत. प्रवासवर्णनं नकोत, पुलंची ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ तिला जवळजवळ पाठ आहेत. तिचंच म्हणणं सांगते: “तिथली माणसं सकाळी उठून काय करतात, बायका कुठे बाजाराला जातात, ते कळलं पाहिजे.” ‘पाडस’ आणि ‘एका कोळियाने’ वाचून झाल्या आहेत, दोन्ही फार आवडत्या. मराठीत असेल तर उत्तम, इंग्रजी असेल तर मी रोज संध्याकाळी वाचून मराठीत सांगेन. जागा खऱ्या असाव्यात, शोधल्या तर सापडाव्यात, एवढी एकच अट.

खारफुटी
ताई, काकूंच्या अटीत चपखल बसणारं एकच नाव आधी सांगतो: नजीब महफूझ यांची कैरोवरची त्रयी. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं कैरोत होतो आणि ते शहर मला या पुस्तकांनी समजावलं. तिन्ही भाग १९५६ आणि ५७ मध्ये आले. तिन्हींची मूळ अरबी नावं म्हणजे जुन्या कैरोतल्या खऱ्या जागा आहेत: बैन अल-कसरैन, कस्र अल-शौक, अल-सुक्करिया. महफूझ स्वतः त्याच गमालिया भागात १९११ साली जन्मले.

पहिल्या भागाची सुरुवातच बघा. मध्यरात्र उलटून गेली आहे आणि अमीना नावाची गृहिणी लाकडी जाळीच्या सज्जातून रस्त्याकडे बघत नवऱ्याची वाट पाहते आहे. नवरा घरात कर्दनकाळ, बाहेर मित्रांत रंगेल. तिला मात्र उंबरठा ओलांडायची परवानगी नाही, त्यामुळे शहराचा जेवढा तुकडा त्या जाळीतून दिसतो तेवढाच तिचा. समोर एक इमारत आहे, खाली पाणपोई आणि वर मुलांची शाळा. अशी एक इमारत त्या रस्त्यावर आजही उभी आहे, अब्दुल रहमान कतखुदाने १७४४ साली बांधलेली. तिचे फोटो सहज मिळतील, काकूंना नक्की दाखवा.

अमीना एकदाच, नवरा परगावी गेलेला असताना, मुलाचा हात धरून जवळच्या हुसैन मशिदीत जाते. तिथवरचं जेमतेम चालत जायचं अंतर आणि तिच्या मनाची होणारी घालमेल महफूझ यांनी अशी लिहिली आहे, की त्या रस्त्यावरून जाताना प्रत्येक वेळी माझी पावलं आपोआप हळू व्हायची. पुढे काय होतं ते सांगत नाही.

मधली_आळी
कैरोला माझंही अनुमोदन. तीन जाड भाग एकदम नको वाटले तर त्यांचीच ‘मिदाक गल्ली’ घ्या, १९४७ सालची, आटोपशीर. एक बोळ, त्यातलं कॉफीचं दुकान, न्हावी, भाकऱ्या भाजणारी बाई. तो बोळही खराच आहे, खान अल-खलिलीच्या बाजाराजवळ.

उत्तररात्र
इस्तंबूल! ओरहान पामुक यांची ‘म्युझियम ऑफ इनोसन्स’. नकाशा उघडून वाचण्यासाठी याहून योग्य कादंबरी मला माहीत नाही, कारण तिच्यातलं घर खरोखर आहे. १९७५ साली निशानताशी या सधन वस्तीतला केमाल लांबच्या नात्यातल्या फ्युसूनच्या प्रेमात पडतो. ती हातची गेल्यावर वर्षानुवर्षं तिच्या आईवडिलांच्या घरी रात्री जेवायला जात राहतो आणि तिथल्या बारीकसारीक वस्तू खिशात टाकून आणतो. मिठाची कुपी, केसांची पिन, तिने विझवलेली सिगारेटची थोटकं. पामुक यांनी कादंबरी लिहितानाच अशा वस्तू जमवल्या, चुकुरजुमा भागात १८९७ साली बांधलेलं एक घर घेतलं, आणि २०१२ मध्ये तिथे खरंच संग्रहालय उघडलं. कादंबरीची प्रकरणं ८३, म्हणून काचेची कपाटंही ८३. आत शिरताच एका भिंतीवर ४,२१३ थोटकं टाचणीने लावलेली दिसतात, प्रत्येकाखाली तारीख आणि बारीक अक्षरात नोंद. पुस्तकाच्या शेवटाकडे एक तिकीट छापलेलं आहे. ते पान दाखवलं की दारावर शिक्का मारून फुकट आत सोडतात. संग्रहालयाचे फोटो भरपूर आहेत, त्यामुळे एकेक प्रकरण वाचून त्याचं कपाट बघता येईल.

पण काकूंना माणसं कामाधामात बघायची आहेत ना? मग त्यांना कदाचित पामुक यांचीच ‘अ स्ट्रेंजनेस इन माय माइंड’ जास्त आवडेल. केमालचं घर श्रीमंतांचं. या दुसऱ्या कादंबरीतला मेवलुत १९६९ साली बारा वर्षांचा असताना कोन्याकडच्या खेड्यातून बापाबरोबर शहरात येतो, दिवसा दही विकतो आणि हिवाळ्याच्या रात्री खांद्यावर कावड घेऊन बोझा विकत गल्लीबोळ हिंडतो. बोझा म्हणजे भरडधान्य आंबवून केलेलं दाट पेय, वरून दालचिनीची पूड आणि भाजलेले हरभरे. वाचताना मला आपल्या आंबिलीची आठवण झाली. वेफा भागात १८७६ पासूनचं बोझाचं दुकान अजून चालू आहे. एक सूचना: मेवलुत आधी ज्या टेकड्यांवर राहतो त्या कल्पित आहेत, नकाशावर शोधत बसू नका. तारलाबाशी, फेरिकोय वगैरे वस्त्या मात्र खऱ्या.

शहर कसं वाढतं, सरकारी जागेवर एका रात्रीत भिंती कशा उभ्या राहतात, गावाकडचे लोक एकमेकांना धरून कसे राहतात, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला फार जवळचं वाटेल.

पायवाट
वरच्या सूचना चांगल्याच आहेत, त्यांतून मला एक निकष दिसतो तो मांडतो. जिच्यात कुणीही पर्यटक नाही अशी कादंबरी निवडा. बाहेरून आलेला लेखक अनेकदा आपल्याला आधीच माहीत असलेलं दाखवतो, पॅरिस म्हटलं की मनोरा, व्हेनिस म्हटलं की होडी. तिथेच वाढलेल्या माणसाला मनोऱ्याचं काय कौतुक? त्याच्या पात्रांना भाडं भरायचं असतं, औषध आणायचं असतं, कुणाला तरी टाळून मागच्या गल्लीने जायचं असतं. ते रस्ते वाचकाच्या लक्षात राहतात. ‘रारंगढांग’ सुद्धा याच कारणाने मनात घर करते. तिथे कुणी हिमालय बघायला आलेलं नाही, रस्ता बांधायला आलेले आहेत.

या हिशेबाने माझं नाव सेंट पीटर्सबर्गचं: दोस्तोयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’, १८६६. राजवाड्यांचं, सोनेरी घुमटांचं शहर म्हणून ते प्रसिद्ध आहे. या कादंबरीत ते जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो सेन्नाया चौक, म्हणजे गवताचा बाजार, आणि आसपासचे कोंदट जिने, गुत्ते, कालव्याचं पाणी, जुलैचा उकाडा. रशिया म्हणजे बर्फ एवढंच डोक्यात असलेल्या वाचकाला तो उकाडा चांगलाच हलवतो. नायक रास्कोल्निकोव्हच्या दारापासून सावकारीण म्हातारीच्या घरापर्यंत ७३० पावलं, असा आकडाच लेखकाने दिला आहे. लिहीत असताना तो स्वतः त्याच वस्तीत, आजच्या काझनाचेइस्काया रस्त्यावर, भाड्याने राहत होता. ग्राझदान्स्काया रस्त्यावरचं १९ नंबरचं घर रास्कोल्निकोव्हचं म्हणून दाखवतात. खुनाचा प्रसंग मात्र अंगावर येणारा आहे. वाचून दाखवणार असाल तर ते प्रकरण आधी स्वतः वाचून घ्या.

रानजाई
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. अमीनाचं ऐकून म्हणाली, “माझ्या आजीचंही असंच होतं, देवळाशिवाय कुठे जाणं नाही.” बोझाबद्दल तिला आणखी ऐकायचं आहे. पायवाट यांचा निकष तिला अगदी पटला. खुनाचं तिला काही वाटत नाही म्हणे, मलाच थोडं वाटतंय.

जपानचं कुणी काही सुचवाल का? तिला बर्फ बघायचा आहे.

शिमोकिता
ताई, मी टोकियोत राहते. बर्फच हवा असेल तर कावाबाता यासुनारी यांची ‘स्नो कंट्री’. पायवाट दादा, तुमच्या निकषाला ही अपवाद आहे, कारण नायक शिमामुरा हा टोकियोहून गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी येणारा पाहुणाच आहे. पण कादंबरीचा सगळा जोर त्याच्या पाहुणेपणावरच आहे. तो येतो, तिथल्या कोमाको या गेशाचं प्रेम घेतो, आणि परत जातो. तिला तिथेच राहायचं असतं, शमिसेन या तंतुवाद्याचा रियाज करायचा असतो, मेजवान्यांत वाजवून पैसे मिळवायचे असतात. त्याला जे सौंदर्य दिसतं त्याची किंमत कोण मोजतं, हे कावाबाता आवाज न चढवता दाखवतात.

गावाचं नाव पुस्तकात दिलेलं नाही, पण ते निइगाता प्रांतातलं युझावा. सुरुवातीला गाडी एका लांब बोगद्यातून बाहेर पडते आणि समोर एकदम हिमप्रदेश येतो. तो शिमिझू बोगदा, १९३१ साली सुरू झालेला. आता टोकियोहून शिंकान्सेन या वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. ती वेगळ्या, बावीस किलोमीटरच्या बोगद्यातून जाते, पण अनुभव तोच राहतो. डोंगराच्या अलीकडे कोरडं ऊन, पलीकडे छपरांवर माणसाच्या उंचीचा बर्फ. कावाबाता ताकाहान नावाच्या सरायीत उतरून लिहायचे. तिथे त्यांची खोली जपून ठेवली आहे.

काकूंना कापडाची आवड असेल तर शेवटाकडचा चिजिमीचा भाग त्यांना सावकाश वाचून दाखवा. हिवाळ्यात बर्फाने कोंडलेल्या घरांमध्ये मुली विणायच्या ते झुळझुळीत उन्हाळी कापड, आणि ते उजळवण्यासाठी बर्फावर पसरून ठेवायचे. ही कला अजून जिवंत आहे, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीतही आली. बर्फावर पसरलेल्या लांबच लांब पट्ट्यांचे फोटो शोधा, फार देखणे असतात.

हिच्यात घटना कमी आहेत. रोज थोडंथोडंच वाचा.

ओकचे_रान
मी फ्लोरिडात असतो. काकूंनी ‘पाडस’ वाचलंय म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण वाचून झालेल्या पुस्तकाचाही नकाशा काढता येतो. राम पटवर्धनांच्या मराठीमुळे ज्योडी आपल्याला इतका घरचा झालाय की तो भाग खरोखरचा आहे हे विसरायला होतं. ओकाला राष्ट्रीय वनात पॅट्स आयलंड नावाची जागा आहे. आयलंड म्हटलं तरी पाण्यातलं बेट नाही, खुरट्या रेताड रानातला उंच पाइनांचा तुकडा. तिथून ‘पाडस’च्या मूळ इंग्रजी नावावरून ‘यर्लिंग ट्रेल’ नावाची पायवाट जाते. वाटेत जुन्या वसाहतकऱ्यांचं छोटं कबरस्तान लागतं, आणि ते जिथून पाणी आणायचे तो जमीन खचून झालेला मोठा खड्डाही. ज्योडीच्या घरचे पाण्याला कुठे जातात ते आठवतं ना? तो खड्डा बघितल्यावर ज्योडीच्या आईचं सततचं करवादणं मला वेगळं वाटायला लागलं. कपडे धुवायचे म्हणजे काय दिव्य असेल! रस्त्यापलीकडेच सिल्व्हर ग्लेनचे झरे आहेत, तळ दिसेल इतकं नितळ पाणी. लेखिका मार्जरी रॉलिंग्ज यांचं क्रॉस क्रीकचं घरही सांभाळून ठेवलं आहे, मागे संत्र्यांची झाडं.

काकूंना हे सगळं मोठ्या पडद्यावर दाखवा.

मधली_आळी
अजून एक राहिली. मार्केझ यांची ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’. शहराचं नाव घेतलेलं नाही, पण ते कोलंबियातलं कार्ताहेना, समुद्राकाठचं, उष्ण, दमट, पोर्तुगीज गोव्याची आठवण देणाऱ्या सज्जांचं. पहिल्याच प्रकरणात म्हातारे डॉक्टर आंब्यावर बसलेला पोपट पकडायला शिडी चढतात. लेखनिकांचा बाजार म्हणून जी कमानींची जागा येते ती आजची मिठाईवाल्यांची ओळ, पोर्तल दे लोस दुल्सेस.

खारफुटी
मार्केझ छानच. मी एक किनारा सुचवतो जो आपल्याला जास्त जवळचा आहे: अब्दुलरझाक गुर्ना यांची ‘बाय द सी’, झांझिबारची. मोसमी वाऱ्यावर अरबस्तानातून, हिंदुस्थानातून गलबतं यायची, उदाचा धूप आणि कापड उतरवायची, वारा फिरला की परत निघायची. कोकणच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अर्धी कादंबरी इंग्लंडमध्ये आश्रय मागणाऱ्या म्हाताऱ्याची आहे, मन जड होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

रानजाई
ठरलं! कैरोपासून सुरुवात, मग युझावा. ‘पाडस’चा नकाशा आजच संध्याकाळी. ओकचे_रान दादा, आईने तुम्हाला खास आशीर्वाद सांगितले आहेत. खारफुटी दादा, त्रयी क्रमानेच वाचायला हवी का? आणि आईला तिथला इतिहास काहीच माहीत नाही, अडेल का?

खारफुटी
क्रमानेच वाचा ताई. पात्रं म्हातारी होत जातात, नातवंडं येतात, मधूनच शिरलात तर अमीनाची चिंता लागणार नाही. इतिहास एवढा सांगितला तरी पुरे: गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत सुरू होते, शहरात इंग्रजांची फौज आहे, आणि मार्च १९१९ मध्ये साद झग्लूल या पुढाऱ्याला इंग्रजांनी माल्टाला धाडल्यावर देश पेटतो. पहिल्या भागातलं बरंचसं घरातच घडतं, भाकरीची कणीक, सकाळची कॉफी, गच्चीवरच्या कोंबड्या आणि अमीनाच्या वेली. तिथे नकाशा लागणार नाही. मशिदीचा प्रसंग आला की उघडा. ‘मुइझ रस्ता’ शोधा, बैन अल-कसरैन हा त्याचाच एक तुकडा आहे, तिथून हुसैन मशीद दक्षिणेला.