फ्रीबीएसडीची बूट डिस्क स्वतः तयार करावी का?

धागाकर्ता
फ्रीबीएसडी ही युनिक्स धर्तीची संगणकप्रणाली चालवणारे यंत्र सुरू होईनासे झाले की बहुतेक जण प्रकल्पाची अधिकृत मेमस्टिक इमेज (पेनड्राइव्हवर उतरवायची तयार प्रत) शोधू लागतात. माझे मत असे की, आपल्या यंत्रापुरती बूट डिस्क (यंत्र जिच्यावरून सुरू करता येते ती डिस्क) आपणच आधी तयार करून ठेवावी. लोडर हा सुरुवातीचा छोटा प्रोग्राम कर्नलबरोबर (प्रणालीच्या गाभ्याबरोबर) एमएफएसरूटची, म्हणजे छोट्या रूट फाइलसिस्टिमची, इमेज मेमरीत चढवतो आणि रूट फाइलसिस्टिम एमडी० या मेमरी डिस्कवर माउंट होते. त्यानंतर पेनड्राइव्ह काढून घेतला तरी काही अडत नाही आणि यंत्रातली संपूर्ण डिस्क नव्याने विभागायला मोकळी राहते. नेटवर्कची मांडणी, बॅकअप सर्व्हरचा पत्ता आणि रिस्टोअरची स्क्रिप्ट आधीच आत असल्यामुळे ऐन गडबडीत काही आठवत बसावे लागत नाही.

प्रतिसाद १
असहमत. अधिकृत इमेजमध्ये शेल मिळते आणि रेस्क्यू डिरेक्टरीत स्टॅटिक दुवे जोडलेली (लागणारी लायब्ररी स्वतःतच सामावलेली) दुरुस्तीची अवजारेही असतात. घरगुती डिस्क मात्र तयार केल्या दिवसापासून जुनी होऊ लागते. मूळ यंत्रावर झेडएफएस या फाइलसिस्टिमचा पूल (डिस्कांचा एकत्रित साठा) अपग्रेड करून नवी फीचर्स सुरू केली, तर जुन्या डिस्कवरचे झेडएफएस तो पूल फार तर वाचण्यापुरता उघडते, आणि काही फीचर्सच्या बाबतीत तेवढेही करत नाही. म्हणजे गरज पडेल त्याच दिवशी ती डिस्क हात वर करणार.

प्रतिसाद २
माझी पहिली डिस्क याहून साध्या कारणाने फसली. हवे ते प्रोग्राम मी नुसते कॉपी केले होते. बूट झाल्यावर फाइल यादीत दिसत होती, परंतु चालवू गेल्यावर ‘सापडत नाही’ असा संदेश येई. अर्धा तास मी पाथ तपासत बसलो. न सापडणारी वस्तू प्रोग्राम नव्हतीच, ती होती त्याला लागणारा रनटाइम लिंकर, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा एलडी-ईएलएफ. तेव्हापासून मी क्रंचजेन वापरतो. ते अनेक प्रोग्राम एकाच स्टॅटिक बायनरीत गुंफते, सी लायब्ररीचा सामायिक भाग एकदाच घेते, आणि ज्या नावाने हाक मारावी त्या प्रोग्रामसारखी ती बायनरी वागते. १४४० किलोबाइटच्या फ्लॉपीत पिकोबीएसडी ही फ्रीबीएसडीची छोटी आवृत्ती मावत असे, ते याच युक्तीमुळे. आज जागेची चणचण नाही, पण लायब्ररी विसरण्याची भीती यामुळेच उरत नाही. (लिनक्सवरच्या बिझीबॉक्स या अवजारसंचाची कल्पनाही हीच, आणि त्याचा जन्मही डेबियन लिनक्सच्या बूट फ्लॉपीसाठीच झाला.)

प्रतिसाद ३
यात अवघड वाटावे असे आता फारसे उरलेले नाही. जुन्या पद्धतीत एमबीआरच्या, म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरच्या, ५१२ बाइटपैकी बूट कोडाला जेमतेम ४४६ बाइट मिळत. यूईएफआय या नव्या बूट पद्धतीत फॅट फाइलसिस्टिमच्या विभाजनावर ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय या नावाने लोडर ठेवला की पुरते. मात्र खासगी एसएसएच की (सर्व्हरवर शिरण्याची गुप्त किल्ली) त्या पेनड्राइव्हवर ठेवणार असाल, तर माझा ठाम विरोध आहे.

धागाकर्ता
झेडएफएसचा मुद्दा मान्य, परंतु तो अधिकृत इमेजलाही तितकाच लागू पडतो, कारण दोन वर्षांपूर्वी उतरवलेली मेमस्टिक काही आपोआप ताजी होत नाही. माझी डिस्क मेकएफएस आणि एमकेआयएमजी (फाइलसिस्टिम व डिस्क इमेज बनवणारी अवजारे) चालवणाऱ्या एका स्क्रिप्टमधून तयार होते. यंत्राचे अपग्रेड झाले की पूल अपग्रेड करण्याआधी मी ती पुन्हा बांधतो आणि बीहाइव्हमध्ये, म्हणजे फ्रीबीएसडीच्या आभासी यंत्रात, बूट करून पाहतो. कीबद्दलची सूचना रास्त आहे, ती आजच काढून टाकतो.

प्रतिसाद १
बीहाइव्हमधली डिस्क बहुधा व्हर्टआयओची, म्हणजे आभासी यंत्रासाठीच्या कल्पित कंट्रोलरवरची, असते. तुमच्या यंत्रातल्या खऱ्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर कर्नलमधून वगळला गेला असेल, तर तिथे ते कळणारच नाही. खऱ्या यंत्रावर या डिस्कवरून शेवटचे बूट केव्हा केले होते?

धागाकर्ता
मागच्या अपग्रेडनंतर केलेले नाही. हा मुद्दा तुमचा.