टाचेवरचे बारीक खड्डे आणि बुटांचा वास

तुम्ही लिहिलंय की दोन महिने बुरशीनाशक पावडर लावूनही बुटांचा-पायांचा वास जात नाही आणि टाचेवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात. खाज फारशी नाही. हे वर्णन मला बुरशीपेक्षा 'पिटेड केराटोलायसिस'चं, म्हणजे जिवाणूंमुळे तळव्यांना होणाऱ्या त्वचारोगाचं वाटतं. घामाने सतत ओल्या राहणाऱ्या तळव्यावर कायटोकॉकस, कोरिनेबॅक्टेरियम असे जिवाणू वाढतात, त्यांची विकरं (एन्झाइम्स) त्वचेचा वरचा थर विरघळवतात आणि त्यातून गंधकयुक्त, उग्र वासाची द्रव्यं सुटतात. पाय भिजले की खड्डे जास्त ठळक दिसतात, तेवढं एकदा पाहा.

माझ्या भावाला सेफ्टी शूजमुळे हेच झालं होतं. त्वचारोगतज्ज्ञांनी १ टक्का क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) दिवसातून दोनदा लावायला दिलं, तीनेक आठवड्यांत तळवे स्वच्छ झाले. बेंझॉइल पेरॉक्साइडही चालतं, पण त्याने मोज्यांचा रंग उडतो. घाम फारच येत असेल तर रात्री कोरड्या पायांना अॅल्युमिनियम क्लोराइड लावतात.

कळकळीने सांगते, दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणू नका. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा.