रोच: तळहाताएवढ्या माशासाठी इतका खटाटोप कशाला?

मांजलपूरकर
मे ते जुलै मुलाकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला मुक्काम आहे. घराजवळून ग्रँड युनियन कालवा जातो. बडोद्यात आपली सवय रोहू-मृगळची: कणकेचा गोळा, स्प्रिंग, जाड दोरी, आणि घंटी वाजेपर्यंत चहा. तिकडचे लोक मात्र रोच नावाच्या शंभर-दीडशे ग्रॅमच्या माशासाठी अख्खा दिवस काढतात आणि संध्याकाळी सोडून देतात. त्यात एवढं काय आहे? आणि इथून काय सामान न्यावं?

तळ्यावरचा
वजनकाट्याने मोजाल तर निराशाच पदरी येईल. पाउंडभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचा रोच चांगला समजतात. दोन पाउंडांचा एखाद्याला जन्मभरात मिळत नाही. ब्रिटनचा विक्रम ४ पाउंड ४ औंसांचा आहे, २००६ चा.

खरी मजा त्याच्या खाण्यात आहे. रोच आमिष घेऊन पळत नाही. जागच्या जागी तोंडात घेतो, घशातल्या दातांनी चुरतो, संशय आला की थुंकतो. तेवढ्या वेळात फ्लोट (दोरीला लावलेली तरंगती खूण) गव्हाच्या दाण्याएवढा खाली जातो, कधी उलट वर उचलला जातो. तुमच्या घंटीला याचा पत्ताच लागणार नाही. म्हणून सगळं बारीक: मुख्य दोरी ०.१२ ते ०.१४ मिमी, गळाची दोरी ०.०८ ते ०.१० मिमी, अळीसाठी बारीक तारेचा १८ किंवा २० नंबरचा गळ.

कालव्यावर हलका वॅगलर जातीचा फ्लोट लावा, तो दोरीला फक्त खालच्या टोकाने अडकतो. बहुतेक वजन फ्लोटच्या बुडाशी, खाली हातभर अंतरावर १० नंबरचे मणी (दोरीवर चिमटायची बारीक वजनं), शेवटचा मणी गळापासून वीतभर वर. शेंडा पाण्याबाहेर ३-४ मिमीच दिसायला हवा. बोटभर दिसत असेल तर निम्मे चावे कळणारच नाहीत. खोली मात्र अंदाजाने धरू नका. गळाला मापाचं वजन लावून तळ शोधा आणि आमिष तळाला जेमतेम टेकेल असं ठेवा.

चारावाला
वरचं सगळं बरोबर, पण रोच चाऱ्याने येतो, सामानाने नाही. आपल्याकडे सुरुवातीलाच किलोभर भुसा-पेंड ओततात, तसं केलंत तर संपलंच. दर फेकीला दहा-बारा अळ्या, एकाच ठिकाणी, चावा येवो न येवो. हात थांबला की थवा सरकतो.

कालव्यावर ब्रेड उत्तम. साधा पांढरा स्लाइस ब्रेड, कडा काढून मिक्सरमधून काढायचा, पाणी घालायचं नाही. सुरुवातीला लिंबाएवढा गोळा, सैल दाबलेला. घट्ट वळलात तर तळाशी तसाच पडून राहतो. गळाला ब्रेडचा मऊ तुकडा, गळ १४ किंवा १६. तुकडा फक्त गळाच्या दांडीवर चिमटायचा, कडा फुललेल्या राहू द्यायच्या. आपल्याला कणीक मळायची सवय, त्यामुळे हात आपोआप त्याची गोळी करतो. तिथेच चूक होते.

उन्हाळ्यात भांगेचं बी चालतं. रात्रभर भिजवून, बी फुटून पांढरा कोंब दिसेपर्यंत उकळायचं. ते तिथेच दुकानात घ्या, इथून नेऊन विमानतळावर खुलासे करत बसू नका. एक गोम आहे: रोच गोल मण्यालाच बी समजून टिपतो, फ्लोट हलतो आणि झटका रिकामा जातो. तेव्हा मण्यांऐवजी लांबट वजन लावायचं.

नियमवाली
सामान कमीच न्या. शिशाचे मणी तर इथेच ठेवा: तिकडे ०.०६ ते २८.३५ ग्रॅममधलं शिसं १९८७ पासून बंद आहे. इंग्लंडमध्ये वयाची तेरा वर्षं पूर्ण झाली की रॉड लायसन्स (गळ टाकण्याचा परवाना) लागतं, शिवाय त्या पाण्याच्या मालकाचं किंवा क्लबचं तिकीट वेगळं. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते, बहुतेक कालवे आणि तळी चालू. पण लेस्टरमध्ये सोअर नदी आणि कालवा काही ठिकाणी एकाच पात्रातून जातात, तेव्हा मे महिन्यात बसण्याआधी तिकीट देणाऱ्यांना जागा दाखवून विचारा.

मांजलपूरकर
आभार. इथे सराव कसा करू? आणि अळी चपटी होऊन येते पण मासा लागत नाही असं वाचलं, ते का?

तळ्यावरचा
मणी बसवण्याचा सराव बादलीत होतो, फ्लोट उभा करून एकेक मणी वाढवत जा. पुढे तिलापियावर हात बसवा, पण विश्वामित्री नदीच्या काठी नको. तिथल्या मगरींना तुमच्या फ्लोटमध्ये रस नसतो.

अळीची नुसती साल उरली तर माशाने चुरली आणि तुम्हाला कळलं नाही. शेवटचा मणी गळाकडे पाच-सात सेंटिमीटर सरकवा, नाहीतर गळ एक नंबर बारीक करा. अळी बोथट टोकाला, अगदी कातडीतून अडकवा, मधोमध टोचली की रस गळून जातो.

चारावाला
आणखी एक. मोठा ‘रोच’ लागला की आधी खात्री करा, ब्रीम नावाच्या माशाशी संकर फार होतो. गुदपराचे (पोटाखाली, शेपटीच्या अलीकडच्या पराचे) काटे मोजा: रोचला ९ ते १२, ब्रीमला २३ च्या वर, मधला आकडा आला तर संकर. रड नावाचा मासाही फसवतो, पण त्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि पाठीवरचा पर पोटाच्या परांच्या बराच मागे. रोचचा बरोबर वर. मोजताना हात ओले ठेवा, खवले पटकन निघतात.