मदत हवी आहे : सोसायटीच्या सामाईक परसबागेत कामाची वाटणी कशी करावी?

नमस्कार. पुण्यातील आमच्या सोसायटीत इमारतीमागच्या मोकळ्या जागेवर आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून परसबाग सुरू केली आहे. पालक, मेथी, आंबट चुका आणि अळूचे वाफे आहेत, कुंपणालगत कढीपत्ता व गवती चहा आहे, आणि मांडवावर दुधी व पडवळ चढवले आहेत. माती तयार करण्यासाठी सोसायटीतलाच ओला कचरा आणि पालापाचोळा वापरतो. खताच्या खड्ड्याला कार्यकारिणीची हरकत नाही, कारण अशा प्रकल्पामुळे महापालिकेच्या मालमत्ता करात 5 टक्के सवलत मिळते. बागेविषयी मात्र त्यांची भूमिका "तुमचे तुम्ही पाहा" अशीच आहे.

अडचण लागवडीची नाही, माणसांची आहे. पावसाळ्यात बिया पेरायला सगळे उत्साहाने येतात, पण एप्रिल-मेमध्ये निम्मी घरे गावी गेली की पाणी घालण्याचे काम दोन निवृत्त काकांवर आणि तळमजल्यावरच्या एका काकूंवर पडते. बोअरचे पाणी त्या दिवसांत सकाळी थोडाच वेळ येते, तेवढ्यात झारीने सगळे वाफे भिजवणे त्यांना झेपत नाही. आच्छादन घातल्यावर पाणी कमी लागते हे खरे, पण पालापाचोळा गोळा करून पसरायलाही कोणीतरी हवेच. तीच गत अमृतपाणी या द्रवखताची : शेण, गोमूत्र व गूळ पाण्यात कालवून ते मिश्रण तीन दिवस, दिवसातून दोन-तीन वेळा ढवळावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणाची पाळी होती हे कोणालाच आठवत नाही.

त्यातच काढणीवरून कुरबुरी सुरू झाल्या आहेत. पालक बुडाशी दोन-तीन बोटे ठेवून विळ्याने कापला तर पुन्हा फुटतो, पण मागच्या हिवाळ्यात कोणीतरी अर्धा वाफा मुळासकट उपटून नेला. नेणाऱ्या घराने त्या हंगामात खुरपे हातात धरले नव्हते, असे काहींचे म्हणणे आहे. मला त्यात भांडणापेक्षा माहितीचा अभाव जास्त दिसतो, कारण मेथी उपटायचीच असते आणि नव्या माणसाला हा फरक कोणी सांगितलेला नसतो. मावा या रस शोषणाऱ्या किडीसाठी निंबोळी अर्क पुरे, की दुकानातले रासायनिक औषध फवारायचे, यावरही एकमत नाही. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांचा रसायनाला ठाम विरोध आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

आता दोन प्रस्ताव समोर आहेत. पहिला असा, की प्रत्येक घराला एकेक वाफा नेमून द्यावा; ज्याचा वाफा, त्याचे कष्ट आणि त्याचीच भाजी. दुसरा असा, की बाग सामाईकच ठेवून कामाची नोंदवही ठेवावी आणि भाजीची वाटणी त्या नोंदीप्रमाणे करावी. पहिल्यात हिशेब सोपा आहे, पण गावी गेलेल्यांचे वाफे वाळणार आणि मांडव, खड्डा, पाण्याचा पाइप यांना वाली उरणार नाही. दुसऱ्यात वहीवरूनच नवे वाद उद्भवतील अशी मला भीती वाटते. शिवाय ज्या आजी वाकून काम करू शकत नाहीत, पण बिया निवडून, वाळवून, डब्यांवर नावे लिहून ठेवतात, त्यांच्या श्रमाची नोंद कशी करायची?

ज्यांनी अशी बाग किमान दोन-तीन उन्हाळे टिकवली आहे, त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल. पाण्याच्या पाळ्या तुम्ही घरागणिक लावता की वारागणिक? सुट्टीत जाणाऱ्याने बदली माणूस देण्याचा नियम कोणी पाळून पाहिला आहे का? वर्गणी काढून केवळ उन्हाळ्यापुरता माळी ठेवणे परवडते का, आणि तसे केल्यावर उरलेले लोकही अंग काढून घेतात का? ठिबक बसवलेल्यांनी खर्चाचा अंदाज दिल्यास तोही उपयोगी पडेल. पुढच्या रविवारी आमची बैठक आहे. कोणाकडे वेळापत्रकाचा किंवा लेखी नियमांचा नमुना असेल, तर त्याआधी मिळाल्यास सर्वांसमोर ठेवता येईल.